तिसऱ्या बेसवरची चार बोटं

माझ्या नवऱ्याला माझं सगळं माहीत आहे. माझं घोरणं, गुडघ्याची औषधं, बहिणीशी मी सात वर्षं का बोलत नव्हते तेसुद्धा. पण ही गोष्ट नाही. मुलालाही नाही. शाळेत ज्या बायांबरोबर रोज डबा खाल्ला, त्यांनाही नाही. बावीस वर्षं झाली. आज लिहिते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोरासमोर बसून सांगायची वेळ आली असती, तर मी चहा टाकायला उठले असते आणि परत येताना वेगळाच विषय घेऊन आले असते. हे मला चांगलं जमतं.

गोष्ट एका सामन्याची आहे. हसाल तुम्ही — सामन्याचं काय एवढं? मीही स्वतःला हेच सांगत आले. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मी फक्त एक मूठ हवेत उगारली आणि एक शब्द बोलले. मोठ्याने बोलले, तेवढंच.

आधी मी कोण ते सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पोरी मला शिट्टी मॅडम म्हणायच्या, माझ्या पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही. आवाज असा की पटांगणाच्या या टोकाला ओरडले की त्या टोकाच्या पोरी सरळ उभ्या राहत. आणि माझा सगळ्यात मोठा राग कशावर? खोटं बोलण्यावर. 'मॅडम, पोटात दुखतंय' म्हणून कवायत चुकवणाऱ्या मुलीला मी अख्ख्या वर्गासमोर उभं करायचे, ती रडेपर्यंत. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

तर, बेसबॉल. नागपुरात बेसबॉल? हो, खेळतात. क्रिकेटवाल्यांनी सोडलेल्या कोपऱ्यात, चुन्याच्या रेघा मारून. येणारेजाणारे थांबून विचारतात की हे सॉफ्टबॉल आहे का, आणि उत्तर न ऐकताच पुढे जातात. मी कॉलेजात असताना खेळले होते, बऱ्यापैकी खेळले होते. लग्नानंतर सुटलं. मग पस्तिशी उलटल्यावर कळलं की पंच होता येतं. मैदानावर परत जायचा तो एकच रस्ता उरला होता, म्हणून मी तो धरला.

आमच्याकडे या खेळाचं सगळं एका माणसाच्या हातात होतं. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. पंचांचा वर्ग सर घेत. कुठल्या सामन्याला कोण पंच, हे सर ठरवत. आणि त्यातल्या एका संघाचे प्रशिक्षकही सरच. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे, मलाही नाही. माणसंच कमी, मग एकाने चार कामं करायची. पंचांमध्ये बाई मी एकटीच होते आणि मला घेतलं ते सरांनी, बाकीच्यांनी नाकं मुरडली तरी. मी त्यांच्या उपकाराखाली होते, असं म्हणा. बाकीचे पंच चहा पिताना मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, 'बाईमाणूस चेंडूच पाहत बसंन, पाय कोन पाहीन?'

हे पायाचं तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. बेसबॉलमध्ये धावणाऱ्या मुलीने तीन बेसना पाय लावत चौथ्या जागी, म्हणजे होमला, परत यायचं. बेस म्हणजे एक पांढरी गादी, उशीएवढी. धावताना एक जरी गादी पायाखालून सुटली तरी ती धाव रद्द होऊ शकते. मात्र समोरच्या संघाने तशी हरकत घ्यायला हवी, आणि पंचाने ते सुटणं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. पंचाने पाहिलं नसेल तर? तर ते झालंच नाही, असं धरायचं आणि मुलीला सेफ द्यायचं. इतका साधा नियम. म्हणून चेंडू आभाळात कुठेही गेला तरी पंचाने पाहायचा तो पाय. चेंडू सगळं जग पाहतं, पाय फक्त तुम्ही पाहायचा, असं सर शिकवायचे.

पहिल्याच दिवशी सरांनी वर्गात एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतला शंभरेक वर्षांपूर्वीचा सामना, पोटासाठी खेळणाऱ्या मोठ्या संघांचा. बरोबरीत चाललेला. शेवटी जिंकायची धाव आली, लोक आनंदाने मैदानात घुसले, आणि पहिल्या बेसवरून निघालेला एक एकोणीस वर्षांचा खेळाडू दुसऱ्या बेसला पाय न लावताच गर्दीतून वाट काढत पळाला. त्या काळी सगळेच तसं करत म्हणे. पण समोरच्यांनी हरकत घेतली, धाव गेली, सामना बरोबरीत राहिला आणि पुढे त्याच्या संघाची स्पर्धाही गेली. लोकांनी त्याला मरेपर्यंत त्या एका पायावरून ओळखलं. सर म्हणाले, पंचाचा एक शब्द माणसाला जन्मभर पुरतो. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर फार सुंदर आहे.

आता — आता सुजातावर यायला हवं. मी उगाच लांबण लावते आहे, कळतंय मला.

सुजाता वीस वर्षांची होती आणि हुडकेश्वरकडच्या मुलींच्या संघाची कप्तान होती. तेव्हा तिकडे अर्धी शेतं होती आणि अर्धे नुसते आखलेले प्लॉट. पोरी त्या मोकळ्या प्लॉटांवरच खेळून तयार झालेल्या. जिल्ह्याचा अंतिम सामना होता, समोर सरांचा संघ. जो संघ जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार, आणि राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे काय ते खेळाडूंच्या घरी विचारा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ज्या राखीव जागा असतात, त्याचा दरवाजाच तो. सुजाताला पोलिसात जायचं होतं. पळण्यात ती कुणाला ऐकायची नाही, फक्त ते एक प्रमाणपत्र नव्हतं. तिचे बाबा त्या दिवशी कामावर खाडा करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, रेघेपाशी उभे होते. मुलगी जिंकणार म्हणून नटून आलेला बाप. मी त्यांना पाहिलं होतं. तेवढं मात्र मी नीट पाहिलं होतं.

माझी जागा तिसऱ्या बेसपाशी. चार-चार अशी बरोबरी, शेवटची इनिंग, समोरच्यांची पाळी संपलेली, सुजाताच्या संघाच्या दोघी आधीच आउट, तिसरी गेली की त्यांचीही पाळी संपणार. सुजाता पहिल्या बेसवर. जानेवारीतलं दुपारचं ऊन, पण अंगावर घ्यावंसं वाटणारं. आणि तिच्या संघातल्या एका बुटक्या पोरीने चेंडू असा मारला — कसा सांगू? मी आयुष्यात एकदाही तसा मारला नव्हता. फळीवर चेंडू बसल्याचा तो आवाज ऐकला की खेळलेल्या माणसाला कळतं. तो उंच गेला, उन्हात चमकला, आणि मधली पोरगी त्याच्याकडे पाहत मागे-मागे पळत सुटली.

आणि मी चेंडू पाहिला.

तो पडेपर्यंत पाहिला. तोंड उघडं टाकून, एखाद्या प्रेक्षकासारखं. भान आलं तेव्हा माझ्या शेजारून वारा गेल्यासारखी सुजाता गेलेली होती, आणि मी मान वळवली तेव्हा ती तिसऱ्या बेसच्या दोन पावलं पुढे होती. तिचा पाय गादीवर पडला की नाही, मी पाहिलं नाही. काहीच पाहिलं नाही. ती होमला पोचली, तिच्या पोरी तिच्या अंगावर पडल्या, बाबांनी दोन्ही हात वर केले. पाच-चार. सामना संपला होता.

पण सर सावकाश चालत रेघेपर्यंत आले आणि त्यांच्या तिसऱ्या बेसवरच्या पोरीला काहीतरी बोलले. तिने चेंडू मागून घेतला, गादीवर पाय रोवला आणि मला म्हणाली, "मॅडम, इसने बेस छोड़ा." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सरही.

सेफ म्हणायचं होतं. नियमच तो. मला 'मी पाहिलं नाही' असं कबूलही करायचं नव्हतं, नुसते दोन्ही हात पसरायचे होते. मग का नाही पसरले? हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं ते असं की सेफ म्हटलं तर कुणीतरी विचारेल, 'बाई, पाहिलं होतं का तुम्ही?' आणि चहाच्या वेळचं ते हसू मला ऐकू आलं. आउट म्हणणाऱ्या पंचाला तसं कुणी विचारत नाही. आउट म्हणजे तिने पाहिलं असणारच, नाहीतर ती म्हणेल कशाला? सेफ आळशी माणूसही देऊ शकतो. आउट द्यायला नजर लागते. माझी अब्रू वाचवायला तो शब्द जास्त बरा होता, म्हणून मी तो उचलला.

मूठ उगारली आणि ओरडले, "आउट!" शिट्टी मॅडमचा आवाज. पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल.

सुजाता वाद घालायला आली नाही. तिने फक्त गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी टोपी खाली ओढली. चार-चारवरून सामना पुढे गेला, त्या पोरींचे हातपाय गळाले होते, आणि पुढच्या इनिंगमध्ये त्या एका धावेने हरल्या. पांढऱ्या सदऱ्याचे बाबा बक्षीस समारंभाआधीच निघून गेले.

नंतर आम्ही पंच आणि सर टपरीवर तर्री-पोहे खायला गेलो. सर इतके खूश की विचारू नका, सगळ्यांना म्हणत होते, "पाहा गा, बाईमाणूस काहून घेता म्हनत होते नं तुमी? काय नजर हाय बाईची!" मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मी तं असंच खडा टाकून पाहिला होता. मले तिकून काय दिसते? पन तुमाले दिसलं."

म्हणजे कुणालाच दिसलं नव्हतं. त्या अख्ख्या मैदानावर सुजाताचा पाय सुटलेला पाहणारं एकही माणूस नव्हतं. हे मला त्याच दिवशी, तासाभरात कळलं. तेव्हाही उठता आलं असतं, नाही का? सर समोरच बसले होते, निकालाचा कागद त्यांच्या खिशात होता. मी काय केलं? मी वरून आणखी तर्री मागितली.

तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, क्षणाची चूक. थांबा. ती चूक मी तुम्हाला सांगायला बसलेच नाही. पुढचं सांगायचं आहे.

तीन आठवड्यांनी सुजाता माझ्या शाळेत आली. शाळा सुटल्यावर, पटांगणाच्या कडेला. भांडायला आली असेल म्हणून मी आधीच आवाज चढवून 'काय गं?' केलं. ती भांडायला आली नव्हती. हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी तं तिथंच उभ्या होत्या. मले खरं खरं सांगा. माहा पाय लागला नव्हता का? मले तं अजून टाचेखाली गादी दबल्यासारखी वाटते."

तिला आठवत होतं. तिच्या टाचेला आठवत होतं. संघातल्या पोरी तिच्याशी बोलत नव्हत्या, बाबा म्हणत होते की पंच खोटं काहून बोलतीन, आणि ही एकटी सगळ्यांशी भांडत होती की नाही, मी पाय ठेवला होता. ती माझ्याकडे का आली होती? शिक्षा मागायला नव्हे, शाबासकी मागायलाही नव्हे. तिला फक्त एक साक्षीदार हवा होता. आणि पटांगणावर आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं, सर नव्हते, पंच नव्हते, हसणारं कुणी नव्हतं.

मी उजव्या हाताची चार बोटं जोडून तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, "एवढा सुटला, बेटा. चार बोटं."

चार बोटं कुठून आली? देव जाणे. नुसतं 'सुटला' म्हटलं असतं तर तिला शंका राहिली असती. चार बोटं म्हटल्यावर ती कशी राहील? मोजून सांगणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. मी एवढ्यावरही थांबले नाही. मी तिला ती अमेरिकेतली गोष्ट सांगितली, समजूत घालायला. मोठमोठ्यांचा पाय सुटतो, तू तर पोर आहेस, असं म्हणाले. त्या मुलाने खरोखरच बेस चुकवला होता. सुजाताने — मी तिच्या खांद्यावर हातही ठेवला होता, तेही लिहून टाकते.

तिने माझ्या चार बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःची चार बोटं जोडून पाहिली. म्हणाली, "मंग माहीच चूक आहे. मी उगाच बाबाशी भांडून राहिली होती." आणि खाली वाकून मला नमस्कार करून गेली. घरी जाऊन तिने बाबांची माफी मागितली, मग एकेका पोरीच्या घरी जाऊन त्यांची मागितली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. पुढच्या मोसमात ती खेळली नाही. पोलिसातही गेली नाही.

मी मात्र वर गेले. त्या एका निर्णयावर माझं नाव झालं. राज्याच्या स्पर्धांना मला बोलावणी यायला लागली, आणि नवे पंच माझ्याकडे शिकायला यायचे. मी त्यांना काय शिकवत होते? डोळ्यात तेल घालून पाय पाहा.

गेल्या थंडीत सुजाताचा फोन आला. ती आता बेचाळीस वर्षांची आहे, दिवसा एका खासगी दवाखान्यात चौकशीच्या टेबलाशी बसते आणि सकाळी हुडकेश्वरच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवते. मुलींचा छोटा सामना ठेवला होता, मी पाहुणी म्हणून यावं असं तिचं म्हणणं होतं. नाही म्हणायला कारण सुचेना. गेले.

पोरी चांगल्या होत्या, चपळ. पण त्यांची एक गंमत मला समजेना. बेसपाशी आली की प्रत्येक पोरगी थबकायची, मान खाली घालून गादी पाहायची, त्यावर पाय आपटायची आणि मगच पुढे निघायची. असं कुणी शिकवत नाही. धावताना खाली पाहिलं की वेग मेला. त्यामुळेच दोघी-तिघी आउट झाल्या. मी शेजारच्या बाईंना म्हणाले, हे काय भलतंच? त्या म्हणाल्या, सुजाताताईंचा नियम आहे, बेस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायचा नाही.

मग माइकवर सुजाता बोलली. म्हणाली, माझा पाय चार बोटं सुटला होता आणि मी ते मानायला तयार नव्हते. सगळे पाठीमागे बोलत होते, तोंडावर खरं सांगितलं ते एकट्या मॅडमनी. त्यांच्यामुळे मी माझी चूक मान्य करायला शिकले. टाळ्या झाल्या. मला शाल घातली, नारळ दिला. आणि मी काय केलं? मीही माइक घेतला. खेळाडूने नेहमी खरं बोलावं, यावर दहा मिनिटं बोलले. एकही शब्द अडला नाही. लाज वाटत होती का? वाटत होती, इतकी की शालीखाली घाम फुटला होता. पण तोंड चालूच राहिलं.

निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. पोरी मागे पुन्हा खेळायला लागल्या होत्या. ती जरा घुटमळली, मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हसू नका. इतकी वर्षं झाली, पन मी अजून विचार करते. तो पाय आतून सुटला होता का बाहेरून?"

मला माहीत नाही, सुजाता. मी पाहिलंच नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. आसपास कुणी नव्हतं. पंचगिरी सुटून मला वर्षं झालीत, सर आता हयात नाहीत, घालवायला माझ्याकडे काही उरलेलंही नाही.

"आतून," मी म्हणाले.

तिने मान हलवली, एखादं जुनं गणित सुटल्यासारखी. "मले वाटलंच होतं," म्हणाली. "मी लय आतून वळत होती. आता आठवते." मग तिथूनच वळून ओरडली, "पोरींनो, आतला कोपरा पाहा वं! आतला कोपरा पाहून निघा!"

तिसऱ्या बेसवर आलेली एक पोरगी तिचं ऐकून थांबली. वाकून तिने आतला कोपरा नीट पाहिला, पाय ठेवला, आणि मग होमकडे धावली. चेंडू तिच्याआधी पोचला होता. ती आउट झाली, आणि सुजाता टाळ्या वाजवत तिला म्हणाली, काही हरकत नाही, बेस तर पाहिला नं.

मी नारळ पिशवीत टाकला, ऑटोत बसले आणि घरी आले.